बेक्कव्वाचं सातवं घर

आमच्या हिच्या लाकडी पेटीत मांजर व्यालंय. पेटीचं झाकण पहिल्यापासून वाकडं, वीतभर फट राहायचीच. सून म्हणाली, "मामंजी, आत्याबाईंच्या लुगड्यात मांजर बसलंय. घाण करायच्या आत पिलं गोठ्यात नेऊन ठिवते."

म्हणलं, "हात लावू नगं. तिचं हे पहिलंच घर हाय. अजून सहा व्हायचीत. ती आपली आपण जाईल."

सुनेनं हात मागं घेतला. तिला वाटलं, म्हातारी गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. असेल. पण मांजर पिलांना सात घरं दाखवतं हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. सगळं गाव ते म्हणायचं, आणि आप्पांनी तर त्याच्यावर शपथ घेतली होती. तेव्हा आप्पांचंच सांगतो. माझी शाळा थोडी, तीही निजामाच्या राज्यातली, निम्मी उर्दू आणि निम्म्या छड्या. मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

जळकोटच्या अलीकडं आमचं गाव. तिथं आप्पांची धान्याची आडत होती. मी त्यांच्याकडं मापाडी, म्हणजे पायलीनं ज्वारी मोजून पोत्यात टाकायची. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं. आणि माप चालू असताना कुणी मधे बोलायचं नाही. घराला आग लागली तरी माप संपल्यावर सांगायची, असा आप्पांचा कायदा. एकदा एका शेतकऱ्याचा बैल सुटून बाजारभर पळत होता, आणि तो बिचारा तोंडावर हात ठेवून माझी पायली संपायची वाट बघत होता.

आप्पा उंच, वाळलेले, नाकाचा शेंडा थेट हनुवटीला भेटायला निघालेला. जातीनं लिंगायत. छातीवर चांदीच्या डबीत लिंग, कमरेला उपरणं, आणि उपरण्यात खोचलेला सोनाराच्या काट्यापेक्षा जरा मोठा असा हातातला तराजू. हा तराजू त्यांनी झोपतानाही काढला नसेल. जे दिसेल ते तोलायचे. कुणी गुळाची भेली आणली, तोल. पावसात भिजून आले, तर ओलं धोतर तोललं, वाळल्यावर परत तोललं, आणि "इतकं पाणी वाहून आणलं म्या घरी" म्हणून माझ्यावरच ओरडले. कुणी थाप मारू लागलं तर बोलायचे नाहीत. नुसता रिकामा तराजू वर धरायचे आणि करंगळीनं एक पारडं हळूच खाली दाबायचे. थापाड्या आपोआप गप्प.

माझं लग्न झालं आणि मी हिला आडतीच्या मागच्या खोलीत आणली, तर पहिल्या दिवशी आप्पांनी हिला पोत्याच्या काट्यावर बसवली. नवी नवरी, डोक्यावर पदर, आणि दुसऱ्या बाजूला ज्वारी. काटा बघून म्हणाले, "आगं, ही तर पाऊण पोतं बी न्हाय! पोरी, तुझ्या आईनं तुला वाऱ्यावर वाढीवलं का?" ही रडायलाच आली होती. पण संध्याकाळी तुपाची वाटी आली, आणि रोज येत राहिली. नंतर ही म्हणायची, माहेरात कधी मला कुणी इतकं मोजून बघितलं नाही.

आता मांजर. आप्पांच्या घरात निम्मं बोलणं कानडी. कानडीत मांजराला बेक्कु म्हणतात आणि आईला अव्वा, म्हणून मांजराचं नाव बेक्कव्वा. करडी, कान फाटका, चालताना मागचं एक पाऊल जरा झटकायची. धान्याच्या दुकानाला मांजर लागतंच. पण आप्पांचं दुखणं वेगळं. त्यांच्या घरात अंडंसुद्धा कधी शिरलं नव्हतं, आणि बेक्कव्वानं उंदीर खावा हे त्यांना सोसायचं नाही. मग ते तिच्या तोंडातून उंदीर सोडवायचे. म्हणजे बघा, ज्वारी आप्पांची, ती खाणारा उंदीर, त्याला धरणारी मांजर आप्पांची, आणि उंदराला उपरण्यात गुंडाळून गावाबाहेर सोडणारेही आप्पाच. मी एकदा म्हणलं, "आप्पा, तो उंदीर तुमच्या आधी घरी पोचतोय." म्हणाले, "पोचू दे. त्याचं पाप त्याच्यापाशी."

आप्पांची बायको लवकर गेलेली. एकच लेक. आम्ही गडीमाणसं तिला अक्का म्हणायचो. तिला आप्पांनी एकट्यानं वाढवली, वेण्या घातल्या, त्या इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया वर चढायच्या. अक्काला दिली होती इंग्रजांच्या हद्दीत, अक्कलकोटाकडं, पानमळेवाल्यांच्या घरी. मधे निजामाचा करोडगिरी नाका, जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर कर घेणारा. पहिल्या बाळंतपणाला अक्का आली, मुलगी झाली. सव्वा महिन्याचं न्हाणं झालं, आणि त्याच आठवड्यात बेक्कव्वा अक्काच्या बाजेखाली, शेगडीच्या उबेला व्याली. तीन पिलं.

आप्पांना जोर चढला. "माझ्या घरात दोन बाळंतिणी हायत," असं गावभर सांगत सुटले. अक्काला खीर झाली की बेक्कव्वालाही खीर. बाजेखाली डोकं घालून तासन् तास बघत बसायचे आणि तिथूनच लेकीला शिकवायचे. "बघ, बघ, पिलाच्या पोटाला चाटल्याबिगर पिलू मुतत न्हाय. तिला ठावं हाय. आणि तू? पोरीच्या पोटाला तेल लावलंस का?" अक्का म्हणायची, "आप्पा, मी चाटू का आता पोरीला?" पिलांचे डोळे उघडले तेव्हा आप्पांनी पेढे वाटले. नातीला आणि पिलांना आडतीतल्या एकाच मोठ्या तराजूत तोलायचे. बायका म्हणाल्या, लेकराला तोलू नये, दृष्ट लागते. तर दुसऱ्या पारड्यात आधी मीठमिरची टाकायची आणि म्हणायचे, "आधी दृष्ट तोलली. आता लेकरू."

तिसऱ्या महिन्यात जावई गाडी घेऊन आले. शांत माणूस, पान खाऊन ओठ लाल. म्हणाले, "मामा, घिऊन जातो आता."

आप्पा म्हणाले, "जावईबापू, अजून बाळंतीण हाय घरात."

"कोण? ही तर आडावरनं पाणी आणतीया."

"ही न्हवं. बेक्कव्वा. दोघी एका खोलीत बाळंत झाल्या. एकीला मधीच हलीवली तर दुसरीला बाधतं."

असली रीत कुणी ऐकली नव्हती. आमचे अय्या, म्हणजे लिंगायतांचे जंगम, तिथंच बसले होते. म्हणाले, "आप्पा, हे कुठं लिहिलंय?"

"तुमी समदं वाचलंय का अय्या?"

आप्पांनी छातीवरच्या डबीवर हात ठेवला. "मांजर सात घरं करतं. दोन झालीत, बाजेखालचं एक आणि पोत्यांच्या थप्पीवरचं एक. सातवं झालं त्या दिवशी लेक पाठीवतो. हे लिंगावर हात ठिवून सांगतो."

लिंगावर हात ठेवून बोललेलं मोडता येत नाही. जावई तसेच परत गेले. अक्का दाराआड उभी होती. तिनं पोरीचं बोचकं बांधून ठेवलं होतं, ते सोडलं.

मग सुरू झाली बेक्कव्वाची वरात. ती पिलाला मानेला धरून निघाली की आप्पा पितळी वाटीत दूध घेऊन मागं. तिसरं घर आमचं, गोधड्यांच्या वळकटीत. ही खूश. चौथं अय्यांच्या मठात, फुलांच्या करंडीत. अय्यांना पूजेला फुलं मिळेनात, पण आप्पांनी ताकीद दिली, "बाळंतिणीला उठवाल तर बघा." पाचवं कुंभाराच्या आडव्या रांजणात. प्रत्येक घरी जाऊन आप्पा आधी हात जोडायचे, लेक ठेवून घेतल्यासारखे. सहावं घर निघालं खाटकाचं.

आप्पा त्या आळीतून कधी गेले नव्हते. मला म्हणाले, "तू जा." मी म्हणलं, "वाटी तुमच्या हातात शोभती." मग निघाले, उपरणं नाकाला लावून. खाटीकचाचा गडबडले. "सेठ, आप? हमारे घर?" पळत जाऊन टांगलेलं बकरं आत नेलं, लिंबाखाली बाज टाकली. आप्पांनी पिलं मागवली, तराजू काढला, तोललं. परत तोललं. तोंड उतरलं.

"चाचा, काय घातलंस ह्यांना?"

"जो था वही, सेठ. आणखी काय घालणार?"

आप्पा परत निघाले. आडतीच्या पायरीवर थांबून म्हणाले, "माझ्या दुधावर इतकी कधी भरली न्हाईत रे. गावात बोलू नगं." गावात एव्हाना कुत्र्यांनाही माहीत होतं.

पण आता एकच घर राहिलं, हे आप्पांच्या ध्यानात आलं. त्याच आठवड्यात अक्काच्या सासरकडून फिरत फिरत कासार आला. अक्काच्या हातात बांगड्या चढवता चढवता आप्पांना म्हणाला, "तुमच्या विहीणबाईंचा निरोप हाय. अवसेच्या आत सून उंबऱ्याच्या आत पायजे. न्हायतर ठिवा म्हणल्या कायमची. त्यांच्या भावाची लेक उभीच हाय लग्नाला." अक्काच्या मनगटावर बांगडी कट्कन फुटली. कासार म्हणाला, हात सैल सोडा. हात कुठला सैल सुटतोय.

संध्याकाळी अक्का म्हणाली, "आप्पा, मला पाठवा."

"मी कुठं अडिवलंय? बेक्कव्वाला इचार."

त्या दिवसापासून अक्का बापाशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आत जायची. आप्पा भाकरी तोलायचे आणि तशीच ठेवायचे.

आणि केलं काय त्यांनी? बेक्कव्वाला आणि पिलांना पाटीत घालून खाटकाकडून परत आणलं आणि आडतीच्या मागच्या कोठीत कोंडलं. खिडकीत गोणपाट कोंबलं. म्हणाले, "परतीचं घर मोजत न्हाईत." आता अडकली की ती सातव्याला! दूध ठेवायचं काम आमच्या हिच्याकडं होतं, तेवढीच कडी निघायची.

पिलं मोठी झाली होती, उड्या मारायची. बेक्कव्वानं मेलेला उंदीर त्यांच्यापुढं टाकला, मग अर्धा जिवंत टाकला, शिकवायला. आप्पांनी तोही उपरण्यात नेला. पिलं दूध प्यायला गेली की ती फिस्कारायची, थोबाडीत द्यायची. आप्पा फटीतून बघून म्हणाले, "कसली आई ही! पोटच्याला मारती."

ही तिथंच सुपानं ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "तिचं बराबर हाय आप्पा. मोठी झाली ती आता."

"तुला लेकरू झाल्यावर बोल."

"व्हईल तवा बोलीन. पर कोंडून घालणार न्हाय."

मला वाटलं गेली आता नोकरी. आप्पांनी तराजू वर धरला, बराच वेळ धरला, आणि खोचून ठेवला. पारडं काही दाबलं नाही.

अवसेच्या आदल्या दिवशी जावई आले. या वेळी बैल सोडले नाहीत. म्हणाले, "पाणी नगं, बसणं नगं. ऊन उतरायच्या आत निघायचं हाय, मामा. एकटा जाऊ का तिघं, एवढं सांगा."

आप्पा आत गेले. बाहेर माणसं जमली. अय्या आले, कुंभार आला, खाटीकचाचाही लांब उभे राहिले. अक्का उंबऱ्यात, कडेवर पोर, पायाशी बोचकं. थोड्या वेळानं आप्पा बाहेर येऊन गादीवर बसले. डोळे लाल. म्हणाले, "शपथ हाय माझी. सातवं घर झालेलं न्हाय."

आणि गाडीतून आवाज आला, म्याव.

मी पोतं शिवत होतो, हात तसाच राहिला. परत म्याव. जावयांनी वाकून बघितलं. गाडीतल्या कडब्यावर एक पिलू, तोंड वासून ओरडतंय. तेवढ्यात आतून बेक्कव्वा आली. तोंडात दुसरं पिलू. सगळ्या माणसांच्या मधून, कुणाकडं न बघता, चाकावर पाय देऊन गाडीत. तिसरं पिलू मागून आपल्या पायानं चालत आलं आणि चाकाखाली बसून रडू लागलं, तर खाली उतरून त्यालाही मानेला धरून वर नेलं. मग कडब्यात गोल फिरली, आडवी झाली, आणि इतके दिवस थोबाडीत देत होती त्याच पिलांना पाजायला घेतलं.

अय्या म्हणाले, "झालं की आप्पा सातवं."

"गाडी म्हंजे घर न्हवं," आप्पा उसळले. "घराला उंबरा लागतो."

"लमाण गाडीत संसार करतात, त्यांना काय बिनघरचे म्हणायचं?"

"लमाणाचं लमाणापाशी! उंबरा कुठाय, दावा!"

तेव्हा अक्का बोलली. किती दिवसांनी बापाशी बोलली. "आप्पा, कुंभाराच्या रांजणाला उंबरा व्हता का? तवा तुमी दूध घिऊन गेलता. हात जोडून."

पहिल्यांदा कुंभार हसला. मग सगळेच. खाटीकचाचांनी तोंडाला रुमाल लावला. आप्पा गादीवरून उठले. म्हणलं, आता भडका. पण ते अक्काजवळ गेले आणि म्हणाले, "नातीला दे."

तराजूत मीठमिरची टाकली, काढली. मोठं पारडं मागवून पोर ठेवली, दुसरीकडं ज्वारी. काटा थांबेपर्यंत कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "भरली." एवढंच. स्वतःची दुलई आणून गाडीत अंथरली, अर्धी लेकीला, अर्धी बेक्कव्वाला.

गाडीमागं आप्पा आणि मी नाक्यापर्यंत चालत गेलो. नाक्यावरचा कारकून आळस देत आला. "क्या माल है, सेठ?"

आप्पा म्हणाले, "दोन बाळंतिणी, चार लेकरं."

कारकुनानं दुलई उचलली, मांजर बघितलं. "ये जानवर है. बाहर ले जाने का महसूल लगेगा."

आप्पा नाकाला नाक लावून उभे राहिले. "बाळंतिणीवर करोडगिरी लावतोस? हैद्राबादेत तुझ्या आईला कळीव जरा!" कारकून हसला, हातानं जा म्हणाला. गाडी इंग्रजी हद्दीत गेली. आप्पा नाक्याच्या दांडीपाशी उभे राहिले, धूळ खाली बसेपर्यंत. मग मला म्हणाले, "चल, ज्वारी उघडी हाय."

पुढं उंदरांनी आडतीत राज्य केलं. दुसरं मांजर त्यांनी आणू दिलं नाही. पंचमीला अक्का यायची, तेव्हा पहिला सवाल, "बेक्कव्वा कशी हाय?" दुसरा नातीचा. जावयाला तिसऱ्या नंबरावरही कधी विचारलं नाही.

ही गोष्ट मी लेकरांना, मग नातवंडांना सांगत आलो. मांजर किती शहाणं असतं, बापाला कळलं नाही ते जनावराला कळलं, असं शेवटी म्हणायचो. ही चुलीपाशी ऐकायची, काही बोलायची नाही. गेल्या थंडीत ही अंथरुणाला खिळली होती. धाकट्या नातवाला मी हेच सांगत होतो. "मांजर किती शहाणं," म्हणलं आणि ही हसायला लागली. खोकला लागेपर्यंत हसली.

"मांजर कसलं शहाणं. पहिलं पिलू म्या ठिवलं गाडीत."

मी तिच्या अंथरुणाशी सरकलो.

"दूध ठिवायला गेलते. एक पिलू पदराखाली घेतलं, कडी उघडीच टाकली. पिलू वरडायला लागलं. वळते तर थप्पीआड आप्पा. उपरण्यानं डोळं पुसत उभं."

"मग?"

"माझा तर जीवच गेला. त्यांनी पदराकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग थप्पीकडं तोंड फिरीवलं आन मोजाय लागले. लाभ, दोन, तीन. मोठ्यानं. मोजलेलीच थप्पी ती, सकाळी तुमीच मोजली व्हती."

"आणि मग उंबऱ्याचा वाद कशापायी घातला?"

"बाप हाय. एका दमात कसा सोडंल?"

नाक्यावरून परत आल्यावर संध्याकाळी आप्पा हिला एवढंच म्हणाले होते, "पोरी, पिलू मानेला धरावं. पोटाखाली हात घातला की वरडतं." आणि तुपाची वाटी ठेवून गेले होते.

मी चिडलो. म्हणलं, "इतकी वर्सं माझ्यापाशी का बोलली न्हाईस?"

ही म्हणाली, "आप्पा मोजत व्हते. मापात मधी बोलायचं नसतं. तुमीच शिकीवलंय."

काल मांजरानं पेटी सोडली. दुसरं घर माझ्या बाजेखाली केलंय. पेटीत हिरव्या लुगड्यावर पिलांच्या अंगाचा खळगा तसाच राहिलाय. सकाळी सून पेटीपाशी आली, लुगडं धुवायला काढू का, असं विचारायला तोंड उघडलं. मी भिंतीकडं तोंड केलं आणि मोजायला लागलो. लाभ, दोन, तीन.

सून मापाड्याच्या घरातली आहे. मधे बोलली नाही.